खाजरी, कडू आणि फुकट

रानभाजी म्हणजे जी कोणी पेरत नाही, जिला कोणी पाणी घालत नाही, जिच्यासाठी कोणी पीककर्ज काढत नाही आणि जी वाहून गेली म्हणून कोणी पंचनामा मागत नाही, अशी भाजी. ती आपली आपण उगवते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात, समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसात उगवणं ही काही फार मोठी कर्तबगारी नव्हे. या दिवसांत कोकणात कौलांवर उगवतं, गडग्यांवर उगवतं, एसटी स्टँडच्या पत्र्यावर उगवतं, आणि निवडणुकीचा फलक काढायचा राहून गेला असेल तर उमेदवाराच्या गळ्यापर्यंत वेल चढलेला असतो. प्रश्न उगवण्याचा नसतोच. यातलं काय खायचं, हा असतो.

त्याचं उत्तर पहिल्यांदा कोणी काढलं याची नोंद नाही. कच्ची शेवळं पहिल्यांदा ज्याने खाल्ली त्याला त्यानंतर बराच वेळ बोलता आलं नसणार, त्यामुळे त्याचं मत पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचलं नाही. नवल त्याचं नाही. नवल आहे ते त्याचे हाल शेजारी बसून पाहिल्यावरही ‘जरा आंबट घालून बघू या’ असं ज्याला, किंवा बहुधा जिला, सुचलं तिचं. कोकणातली रानभाज्यांची सगळी विद्या त्या एका वाक्यातून निघाली आहे.

कारण या वनस्पतींना खाल्लं जायची अजिबात हौस नसते. मळ्यातला कोबी माणसाच्या सहवासात पुरता माणसाळलेला असतो. त्याला कापा, किसा, वाफवा, तो हूं की चूं करत नाही. रानातल्या झाडाला ही शिस्त नाही. कोणी अंगात खाज भरून ठेवतं, कोणी कडूपणा, कोणी चिवट दोरे, कोणी चक्क विष. यावर कोकणातल्या स्वयंपाकघराने तीन उपाय शोधले. खाजेला आंबट, कडूला उकळून पिळणं, आणि तरीही काही शंका उरलीच तर ओलं खोबरं. खोबऱ्याने नेमकं काय होतं हे कोणी विचारत नाही. ते घालायचंच असतं.

माणूस या झुडपांच्या वाटेला गेला त्यामागे पोटाचं कारण तर होतंच. आणखी एक कारण समुद्रात होतं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यंत्रनौकांना मासेमारीची बंदी असते. कायदा होण्याआधी हीच बंदी समुद्र स्वतः घालत असे आणि त्याला दंडाची पावती फाडावी लागत नसे. अकरा महिने पानाकडे ढुंकून न पाहणारा माणूस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाजारात ताजी मासळी नाही म्हणून खिन्न चेहऱ्याने भाजीवाल्यांच्या रांगेकडे वळतो, तो इथे. घरात सुकट, सोडे आणि बोंबील असतात, पण नुसती सुकट किती दिवस खाणार? मग ती भाजीत पडते. कोकणातल्या निम्म्या रानभाज्या शाकाहारी आहेत हे त्यामुळे फक्त कागदोपत्री खरं आहे.

मोसमाची सुरुवात शेवळांनी होते. मृगाच्या सरी पडल्या की पालघर, ठाणे, रायगडच्या रानांत जमिनीतून तपकिरी-जांभळट कोंब वर येतात. पान नाही, फांदी नाही, नुसता कोंब. हे सुरणाचे रानातले भाऊबंद. याच घराण्याची एक थोरली पाती सुमात्रा बेटावर आहे. तिचा फुलोरा माणसापेक्षा उंच होतो. परदेशातल्या वनस्पती उद्यानांत ती कित्येक वर्षांनी एकदा फुलली की बातमी होते आणि लोक तासन्‌तास रांगेत उभे राहून तिचा वास घेतात. वास सडक्या मांसाचा असतो. परागीभवनाला माश्या आणि किडे बोलवायचे तर मोगऱ्याच्या वासाचा काय उपयोग? शेवळंही पुरती उमलली की त्याच मार्गाने जातात, म्हणून ती उमलायच्या आत काढायची. सुमात्रावाल्या पातीच्या नशिबी रांगा आणि छायाचित्रकार आले, कोकणातल्या पातीच्या नशिबी विळी आली.

शेवळं निवडणं हे घाईचं काम नाही. बाहेरचं आवरण सोलायचं, आतला दांडा मोकळा करायचा आणि त्यावरचा पिवळा भाग शेवटच्या कणापर्यंत काढून टाकायचा, कारण घराण्याची सगळी खाज तिथे एकवटलेली असते. ही खाज म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. डोळ्यांना ते दिसत नाहीत. घशाला मात्र एकेक मोजता येतो. उरलेला भाग बारीक चिरून तेलावर चांगला परतायचा आणि त्यात काकडांचा रस घालायचा. काकडाच्या झाडाला हिरवी, आंबट, आवळ्याएवढी फळं नेमकी याच दिवसांत येतात. भाजीवाली दोन्ही एकत्रच मांडते: शेवळांची जुडी आणि शेजारी काकडांचा वाटा. ‘काकडं नकोत, नुसती शेवळं द्या’ असं म्हणणारं गिऱ्हाईक आलंच तर ती एकदा त्याच्याकडे बघते आणि काही न बोलता काकडं पिशवीत टाकते. यात विक्रीकौशल्य वगैरे काही नाही. गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं आणि आल्यावर त्याला बोलता यावं, एवढीच तिची अपेक्षा असते. सीकेपी आणि पाठारे प्रभू मंडळींच्या घरात शेवळांत कोळंबी, सोडे किंवा खिमा पडतो आणि मग खाजेची गोष्ट जेवणाऱ्यांच्या लक्षातही राहत नाही.

शेवळांपाठोपाठ टाकळा येतो. येतो म्हणजे सगळीकडे येतो. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात, बंद पडलेल्या घराच्या अंगणात, भाऊबंदकीत अडकलेल्या जमिनीवर तर हमखास. ज्या जागेचा निकाल लागत नाही तिथे टाकळा लागतो. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, कारण पान चुरडलं की उग्र वास येतो. गुरांनी नाकारलेली वस्तू माणसाने आवडीने खावी यात कोकणाला काही वावगं वाटत नाही. प्रत्येक देठावर पानांच्या तीन जोड्या असतात आणि संध्याकाळ झाली की त्या मिटतात. त्यामुळे कचेरीतून सुटून अंधारात टाकळा खुडायला निघालेल्या माणसाला तो पटकन सापडत नाही. ही भाजी सकाळच्या माणसांची आहे.

टाकळा कोवळा असताना खुडायचा, कांदा-लसणाच्या फोडणीवर टाकायचा, भिजवलेली डाळ किंवा उन्हाळ्यात जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या घालायच्या आणि वर खोबरं. आयुर्वेदात टाकळ्याला दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे गजकर्ण घालवणारा. पावसाळ्यात ओल्या कपड्यांत वावरणाऱ्या प्रांताला ही भाजी रस्त्याच्या कडेला फुकट मिळावी ही सोय मोठीच आहे, पण जेवताना पाहुण्यांना हा गुण सांगू नये. श्रावण उलटला की पानं जून होतात, पिवळी फुलं येतात, मग कोयत्यासारख्या वाकड्या बारीक शेंगा. खाणाऱ्यांच्या दृष्टीने इथे टाकळा संपतो, पण टाकळ्याच्या दृष्टीने त्याची खरी कारकीर्द इथून सुरू होते. त्याच्या बिया भाजून कॉफीसारखं पेय करतात. शिवाय बियांचा गर दळून केलेली पूड दाटपणा आणण्यासाठी ई 427 या क्रमांकाने जगभरच्या खाद्य उद्योगात ओळखली जाते आणि परदेशी कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद जेवणात पडते. ज्या झाडाला वाडीतली म्हैस हुंगत नाही ते दूरदेशीच्या मांजराला चालतं.

जूनच्याच शेवटी फोडशी बाजारात दिसू लागते. मुंबईकडे तिला कुलू म्हणतात. ही दिसायला गवत आहे. नवशिक्याने फोडशी आणि गवत शेजारी ठेवून पाहिलं तर त्याला गवतच जास्त खाण्यासारखं वाटतं. बाजारातून फोडशी घेऊन आलेल्या नवऱ्याला शहरात वाढलेली बायको पहिल्यांदा काय म्हणते हे घरोघर ठाऊक आहे आणि त्यात पोळ्याच्या सणाचा उल्लेख असतो. मुळाकडचा पांढरा भाग चिखलाने भरलेला असतो आणि पानांच्या मधोमध एक चिवट दांडा असतो. तो काढला नाही तर भाजी शिजते, दांडा शिजत नाही, आणि जेवण संपल्यावरही तोंडात राहतो. म्हणून प्रत्येक रोप हातात घ्यायचं, दांडा ओढायचा, चार पाण्यांनी धुवायचं, मगच चिरायचं. एक जुडी निवडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दुसऱ्या कुठल्याही भाजीचा स्वयंपाक आटोपून भांडीही घासून होतात. एवढं करून कढईत टाकलेला ढीग वाफ आल्यावर वाटीभर होतो. पीठ पेरायची पद्धत त्यातूनच आली असावी. घरात माणसं सहा आणि भाजी वाटीभर असली की बेसनाचा डबा हाताशी येतोच.

फोडशीच्या कुळातल्या एका जातीचं शास्त्रीय नाव बोरीवलीवरून पडलं आहे: क्लोरोफायटम बोरिविलिएनम. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी तिचं वर्णन केलं. तिच्या मुळ्या म्हणजे सफेद मुसळी. शक्तिवर्धक म्हणून ती ज्या किमतीला विकली जाते ती ऐकूनच माणसाच्या अंगात थोडी शक्ती येते. थोडक्यात, पानं भाजीवालीच्या पाटीत आणि मुळ्या औषधाच्या बाटलीत, अशी वाटणी आहे. बोरीवलीकराने मात्र लगेच राष्ट्रीय उद्यानात टोपली घेऊन शिरू नये. तिथून पान तोडणं बेकायदा आहे. आपल्या गावाच्या नावाचं रोप त्याने बाजारातून विकत आणावं.

कडू भाज्यांत मान भारंगीचा. कोवळी पानं चिरून उकळायची, पाणी टाकून द्यायचं, घट्ट पिळायची, मग वाल किंवा मूग घालून परतायची. भारंगी खोकल्या-दम्यावरच्या औषधांत पडते, त्यामुळे ती वाढताना घरातलं वडीलधारं माणूस ‘औषध म्हणून खा’ असं सांगतं. भाजी चविष्ट असती तर हे वाक्य लागलं नसतं. कुड्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजीही याच पंगतीतली. कवळ्याची पानं इतकी बारीक असतात की ती निवडण्यापेक्षा तांदूळ मोजणं सोपं, पण वालाच्या डाळीबरोबर ती लागते मात्र सुरेख.

आता तेरं. घरामागच्या ओलसर जागेत, विहिरीच्या कडेला, पऱ्ह्याच्या काठाने उगवणारा हा रानटी अळू. परसातल्या अळवाला थोडी तरी लाज असते. तेरं उघड वैर धरतं. निवडताना हाताला तेल लावायचं, आणि हात कोरडे ठेवायचे, कारण पाणी लागलं की खाज हात धरून कोपरापर्यंत जाते. शिजवताना चिंच, कोकम किंवा आंबाडे, सोबत आठळ्या, वाटाणे, खोबऱ्याचं वाटण. गोव्यात श्रावणात तेरें आंबाड्यांबरोबर करतात आणि ज्याच्या पानात आंबाडा येतो तो बराच वेळ गप्प असतो, कारण आंबाड्याला चोखण्याखेरीज दुसरा इलाज नाही.

पण तेऱ्याच्या पंगतीतली पहिली दोन मिनिटं मुद्दाम पाहण्यासारखी असतात. सगळ्यांच्या पानांत भाजी वाढलेली असते आणि कोणीही सुरुवात करत नाही. जो तो आधी भाताशी खेळतो, लोणचं चाखतो, पापडाचा तुकडा मोडतो. शेवटी घरातला सर्वांत धाकटा जावई किंवा शहरातून आलेला पाहुणा पहिला घास घेतो. सगळ्यांचे डोळे त्याच्या गळ्याकडे. त्याने घास गिळला, दुसरा घेतला की पंगत सुरू. त्याने घसा खाकरला तर स्वयंपाकघरातून तत्काळ प्रश्न येतो: ‘खाजलं काय हो?’ यावर ‘नाही नाही, ठसका लागला’ हे एकच उत्तर मान्य आहे. ‘हो’ म्हणणाऱ्याला चिंचेचा कोळ, ताक, गूळ असे तीन उपाय एकदम मिळतात आणि पुढची वीस वर्षं प्रत्येक पावसाळ्यात त्याची आठवण निघते. भाजी खाजली तर दोष कोणाचा याचाही ठरलेला क्रम आहे. आधी तेऱ्याचा, मग चिंच नवी होती त्याचा, मग पाऊस कमी झाला त्याचा. करणारीचा कधीच नसतो.

आषाढ-श्रावणात गडगडाट झाला की अळंबी उगवतात असं लोक मानतात. गोव्यात रोयणीवर, म्हणजे वारुळावर, येणाऱ्या अळंब्यांचा भाव मटणाला लाजवतो. याचं कारण वाळवीत आहे. वाळवी जमिनीखाली पालापाचोळा साठवून त्यावर बुरशीची शेती करते आणि त्या बुरशीला पाऊस लागला की वर छत्र्या फुटतात. माणसाला ही शेती अजून साधलेली नाही. तंत्र वाळवीकडे आहे आणि ती कोणाला शिकवायला तयार नाही. त्यामुळे जागेला किंमत. ज्याला अळंब्यांची जागा माहीत आहे तो ती सख्ख्या भावालाही सांगत नाही. जमिनीची वाटणी होते, जागेची होत नाही. पहाटे कंदील किंवा मोबाइलचा दिवा घेऊन रानात निघालेली दोन माणसं वाटेत भेटली तर दोघेही ‘गुरं बघायला चाललोय’ असंच सांगतात, मग घरात गुरं असोत वा नसोत.

इथे एक गंभीर गोष्ट. विषारी अळंबी ओळखायची कुठलीही घरगुती युक्ती खरी नाही. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण रंग बदलतो, किड्याने खाल्लेलं माणसालाही चालतं, या सगळ्या बाता आहेत. जी अळंबी जन्मभर खाणाऱ्याने ओळखली नाही ती खायची नाही, संपलं. हाच नियम कंदमुळांना आणि पानांनाही. कळलावी याच दिवसांत फुलते. लाल-पिवळ्या पाकळ्यांची, फोडशीपेक्षा शतपट देखणी, आणि तिचा कंद जहाल विषारी. रानात जे पाहताक्षणी मोहात पाडतं ते बहुतेक वेळा खायचं नसतं. जे खायचं असतं ते गवतासारखं दिसतं.

बांबूचे कोवळे कोंबही आता निघालेले असतात. पालघरकडे त्यांना वास्ते म्हणतात. कोंब कच्चे खाल्ले तर त्यातल्या द्रव्यांपासून सायनाइड सुटतं. म्हणून बारीक चिरून पाण्यात भिजत ठेवायचे, ते पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचे. ही युक्ती आदिवासी बायकांना रसायनशास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. सरकारला बांबूची ओळख पटायला मात्र वेळ लागला. बांबू हे गवत आहे हे वनस्पतिशास्त्र सांगत होतं, पण 1927 च्या भारतीय वन कायद्यात तो झाड होता. 2017 मध्ये दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाड राहिला नाही. वनक्षेत्रातल्या बांबूला तो फायदा मिळाला नाही. एकच बांबू कुंपणाच्या या बाजूला गवत आणि त्या बाजूला झाड, हे फक्त कायद्यालाच जमतं.

इतका वेळ हा प्रवास डोंगराच्या अंगाने झाला. खाडीच्या अंगाला भाज्या थोड्या. खाऱ्या चिखलात बारीक, मांसल पानांची मोरस वाढते. आगरी आणि कोळी घरांत तिची भाजी होते. मोरस उकळून, पिळून घ्यायची, सुकट किंवा डाळ घालायची आणि मिठाचा डबा कपाटात बंद करून ठेवायचा. झाडाने समुद्राचं मीठ आधीच पोटात घेतलेलं असतं. नव्या सुनेने सवयीने चिमूटभर टाकलं की त्या दिवशी घरात पाण्याचे दोन हंडे जास्त लागतात. खारफुटीतल्या पांढऱ्या चिप्पीला 2020 मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. तिची आंबट हिरवी फळं काही ठिकाणी लोणच्यात जातात. मानाचं पद मिळूनही लोणचं चुकलेलं नाही. मुंबईच्या बाजारातली समुद्रमेथी मात्र ना समुद्रातली, ना रानातली. साध्या मेथीचे दाणे वाळूत दाट पेरतात आणि बोटभर उंचीची रोपं मुळांसकट उपटून इवल्याशा जुड्या बांधतात. ती धुताना वाळू निघत राहते, आणि अनुभवी माणूस तिसऱ्या पाण्यानंतर आशा सोडतो.

समुद्रातली खरी भाजी म्हणजे खडकांवरचं शेवाळ. जपानात ते कौतुकाने खातात. कोकणातला माणूस त्यावरून पाय घसरून पडतो आणि तेवढाच त्याच्याशी संबंध ठेवतो. निदान त्याची तशी समजूत आहे. चायना ग्रास घालून केलेलं पुडिंग तो दोनदा मागून घेतो, आणि चायना ग्रास म्हणजे लाल समुद्रशेवाळाचाच अर्क.

श्रावणात गोकुळाष्टमीला सिंधुदुर्गात शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी लागते. सोबत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. शेवगा काही रानटी नाही, पण परसात त्याला कोणी विचारत नसल्यामुळे तो स्वतःला रानातलाच समजतो. रानभाज्यांचा खरा सरकारी सण म्हणजे ऋषीपंचमी, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. नियम असा की बैलाच्या श्रमाने पिकलेलं काही खायचं नाही. मग अळू, माठ, सुरण, परसातले वेल, मक्याचं कणीस असं सगळं एका भांड्यात शिजतं. बैलाला त्या दिवशी सुट्टी, भाजीवाल्याला नाही. आदल्या दिवशी दादरच्या बाजारात ऋषीच्या भाजीचे वाटे ज्या भावाने जातात तो ऐकला तर ऋषीसुद्धा निम्मा वाटा मागतील. बैलाच्या श्रमाची भाजी चालत नाही. टेम्पोने आलेली, लोकलने आलेली, ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातली चालते, कारण शास्त्र लिहिलं गेलं तेव्हा या वाहनांचा प्रश्न आला नव्हता.

शहरात भाजी पोचते ती पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यातून. कर्जत, शहापूर, पालघरकडच्या ठाकर, कातकरी, वारली बायका आदल्या दिवशी रान फिरून, रात्री जुड्या बांधून, सागाच्या नाहीतर पळसाच्या पानांत गुंडाळून स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर बसतात. समोर उभं राहणारं गिऱ्हाईक हल्ली दोन प्रकारचं असतं. पहिलं म्हणतं, ‘मावशी, ही तर रानात फुकट उगवते, मग एवढे पैसे कसले?’ या गिऱ्हाइकाला रानात सोडून दिलं तर संध्याकाळपर्यंत ते गवताची जुडी आणि पायाला चिकटलेल्या जळवा घेऊन परतेल. दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकाने रात्री मोबाइलवर वाचलेलं असतं. त्याला टाकळ्यातलं लोह, फोडशीतले तंतू आणि भारंगीतले क्षार हवे असतात. भाजी कशी करायची ते मात्र ठाऊक नसतं. चाळीस वर्षांपूर्वी याच भाज्या डब्यात आणणाऱ्या मुलाकडे बघून वर्गातली मुलं हसायची. आता त्याच वर्गातली मुलं मोठी होऊन या भाज्यांचे फोटो काढून गटावर टाकतात.

सरकारनेही दखल घेतली आहे. कृषी विभाग ऑगस्टमध्ये, 9 तारखेच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आगेमागे, जागोजागी रानभाजी महोत्सव भरवतो. मांडव, फीत, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत शक्यतो भाजीच्या जुडीने. प्रत्येक भाजीपुढे नावाची पाटी असते आणि पाटीवर गुणधर्मांची यादी; ती वाचली तर मधुमेह ते मूळव्याध असा कुठलाही आजार कोकणात शिल्लक कसा राहिला हा प्रश्न पडतो. भाषणं लांबली की पानं सुकतात. पण एक गोष्ट या मांडवांत चांगली होते: स्पर्धेच्या ताटाला नंबर देणारे परीक्षक आणि रानातून भाजी आणणारी बाई एकाच ठिकाणी उभे असतात, आणि परीक्षकांना प्रश्न विचारायचा असला की ते तिलाच विचारतात.

मोसम संपतो करांद्यांनी. दिवाळीच्या आगेमागे, वेलीवर लटकणारे हे तपकिरी, खडबडीत कंद बाजारात येतात. दिसायला कुरूप, चवीला किंचित कडवट, मीठ घालून उकडले की सोलून खायचे. रानातली जात फारच कडू असेल तर काप करून राखेच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात. एवढा खटाटोप बटाट्यासाठी कोणी केला नसता, पण बटाटा बाहेरून आलेला पाहुणा आहे. करांदा घरचा आहे. तोवर समुद्रात बोटी केव्हाच गेलेल्या असतात, बाजारात बांगडा आलेला असतो आणि पाल्याकडे कोणी बघत नाही.

ज्यांना पुढच्या जूनमध्ये सुरुवात करायची आहे त्यांनी रानात जाऊ नये, बाजारात जावं. भाजीवालीला भाव विचारावा, पण करू नये. ‘ही कशी करायची?’ असं विचारलं तर ती निवडण्यापासून फोडणीपर्यंत सगळं सांगते, वर चार काकडं घालते. ‘ही कुठे मिळते?’ हे विचारू नये. गुरं बघायला गेले होते, तिथे मिळाली, असं उत्तर येईल.